नाव आधी जातं

१

वारंगा फाट्यावर, हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी हरीशचं फोटो-शूटिंगचं दुकान. पुढं काउंटर, काउंटरवर कॉम्प्युटर, मागं एक निळा पडदा आणि पडद्यापुढं एक स्टूल. पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस त्या स्टुलावर बसला की आपसूक श्वास धरून ठेवतो. “सोडा हो श्वास, फोटो काढल्यानं कोणी मरत न्हाई,” असं हरीश दर वेळी म्हणतो, आणि माणूस दर वेळी धरतोच.

पण पोट भरतं ते लग्नांवर. आता बघा, एका लग्नाचं शूटिंग म्हणजे काही थोडंथोडकं नसतं. साखरपुडा, हळद, वरात, पाठवणी, नुसते फोटोच टोपलीनं. एका कॉम्प्युटरात ते मावेना, म्हणून तिघा दुकानदारांनी मिळून एक सोय केली होती. फाट्यावर हरीश, कुरुंद्यात मुन्ना आणि कळमनुरीत पुनमचंद शेठ. तिघांच्या दुकानांत डिस्का ठेवलेल्या, आणि सगळ्यांचा कारभारी म्हणजे पुनमचंदच्या मागच्या खोलीतला सर्व्हर. एका लग्नाचे तुकडे करून तो तिन्हीकडं वाटून ठेवायचा. कोणता तुकडा कुठं, हे त्यालाच ठाऊक. आपण नुसतं नाव सांगायचं, तो सगळं गोळा करून पुढ्यात मांडायचा.

नावं ठेवायची रीत हरीशची. गावाचं नाव आणि घरातल्या कर्त्या माणसाचं नाव. कारण काउंटरवर येणारा नवरदेवाचं नाव सांगतच नाही. “कुरुंद्याच्या सोनाजीकडचं लग्न” असंच म्हणतो. म्हणून एका घराचं एक फोल्डर, आणि त्या घरी जे जे कार्य झालं ते त्याच्या पोटात.

पुसायचं काम मात्र जिवावर यायचं. काउंटरवरचा कॉम्प्युटर एकेक फोटो धरून सर्व्हरला विचारायचा. हा काढू? काढ. हा काढू? काढ. अशी अख्खी दुपार जायची, आणि मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. हरीश चहा पीत ती नावं सरकताना बघत बसायचा. एखादं ओळखीचं नाव दिसलं तर थांबवायचा, तेवढं बाजूला ठेवायचा.

या लग्नसराईच्या आधी पुनमचंदनं ते बदललं. फोनवर म्हणाला, “आता तुला बसायचं काम न्हाई. तू फक्त वरचं नाव सांग आणि मोकळा हो. सर्व्हर आधी नाव काढतो, म्हंजे आत जायची वाट बंद. मग आतला माल सवडीनं झाडत बसतो, तुझ्याकडचा, माझ्याकडचा, मुन्नाकडचा. तुला तकलीफ न्हाई.”

त्या सकाळी सोनाजीचा फोन आला. सोनाजी म्हणजे हरीशचे सासरे, कुरुंद्याचे.

“जावईबापू, सुदामचं ते शूटिंग पुसून टाका बरं. नवे पाहुणे घर बघायला येऊन राहिले. कुठून काही निघायला नको.”

सुदाम हरीशचा मेव्हणा. त्याचं पहिलं लग्न टिकलं नव्हतं. पोरगी माहेरी गेली ती गेलीच, आणि शेवटी कोर्टात कागदावर सह्या झाल्या.

“सगळंच पुसू का, मामा?”

“मुळासगट.”

हरीशनं कुरुंदा-सोनाजी हे नाव निवडलं आणि बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवली नाही तोच नाव गेलं. स्क्रीन स्वच्छ. काही विचारलं नाही, काही सरकलं नाही.

त्यानं चहा सांगून ठेवला होता. चहा आला तेव्हा करायला काहीच उरलं नव्हतं. काउंटरखालची डिस्क तेवढी बारीक आवाजात करकरत होती.

२

पाहुणे घर बघायला येणार म्हटल्यावर जावई हजर पाहिजे, म्हणून हरीश कुरुंद्याला गेला. सोनाजीचं अंगण शिजवलेल्या हळदीनं भरलं होतं. पाय ठेवायला पिवळ्या रंगातून वाट शोधावी लागत होती. पाहुणे आले, पोहे खाल्ले, घर बघितलं, हसतमुखानं गेले. सगळं बरोबर झालं.

पाहुणे गेल्यावर हरीश सासऱ्याला हळूच म्हणाला, “मामा, पहिल्या लग्नाचं त्यायच्या कानावर घातलं का? पुढं कळल्यावर वाकडं नको.”

“कोणाच्या पहिल्या लग्नाचं?”

“सुदामच्या.”

सोनाजीनं त्याच्याकडं बघितलं. “सुदामचं पहिलंच तर हाय हे. उन्हातून आले म्हणून डोकं तापलं का तुमचं?”

हरीशला वाटलं, म्हातारा पक्का आहे. ज्या गोष्टीवर पांघरूण घालायचं ती घरातल्या माणसापुढंही उघडी करायची नाही, असं काहींचं असतं. तो गालात हसला. सोनाजी मात्र हसले नाहीत. शेजारी हळद उलथत बसलेल्या सुदामनं मान वर केली.

“दाजी, शूटिंग झ्याक करा बरं का या वक्ताला. माणसाचं लग्न एकदाच होतं.”

हे तो थट्टेत म्हणाला नाही. त्याच्या तोंडावर थट्टेची एक रेघ नव्हती. आणि ‘या वक्ताला’ म्हणून गेल्यावर तो क्षणभर थांबला, ‘त्या वक्ताला काय’ असं स्वतःलाच विचारल्यासारखा. मग पुन्हा खाली बघून हळद उलथू लागला.

तेवढ्यात सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, आतून हाक दिली. त्यांना जेवायला बसायची सतरंजी पाहिजे होती. “वरच्या खोलीत असंल बघा, जावई. माझे गुडघे चढत न्हाईत.”

वरची खोली सुदामच्या पहिल्या लग्नासाठी बांधलेली. तिथं हरीशनंच नवराबायकोचे फोटो काढले होते. दार उघडलं तर आत दोन उशांचा लोखंडी पलंग, बायकी कपाट, आणि कपाटाच्या आरशावर टिकल्या. बाई रात्री टिकली काढून आरशाला लावते, तशा एकाखाली एक लावलेल्या, लाल, मरून, पुन्हा लाल. त्यातली सगळ्यात खालची ओली होती. हरीशनं बोट लावलं तर बोटाला घामासारखी ओल लागली.

कपाटाच्या मागं बांगड्या वाजल्या. फार नाही. हात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घ्यावा, एवढ्याच.

हरीश मागं बघायला वळला नाही. उंदीर असेल, वारा असेल, असं मनाशी म्हणत त्यानं सतरंजी उचलली आणि जिना उतरला. पण खिडकी बंद होती हेही त्यानं बघितलं होतं. आणि उंदीर बांगड्या भरत नाही.

“मामी,” तो खाली येऊन म्हणाला, “वरची खोली झाडता का कधी?”

शालूबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. “ती खोली व्हय? ती आमी काहून बांधली, तेच आठवंना झालंय बघा. एवढा पैसा घातला अन् कोणासाठी.” मग पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, “बरं झालं, आता सुदामच्या कामी येईल.”

३

हरीशचं घर दुकानाच्या मागच्या आळीत. दोन खोल्या, पुढं दोन पायऱ्या, पायऱ्यांवरून हायवे दिसतो. घरात तो, बायको शिवकन्या आणि पहिलीतली पोरगी. पोरगी मोठी बोलघेवडी. पायरीवर बसून नुसत्या हॉर्नवरून ट्रक ओळखायची. “हा तामिळनाडूचा, पप्पा. हा आपल्या नांदेडचा.” खरं-खोटं तीच जाणे, पण असं ठासून सांगायची की पंक्चरवाला मुद्दाम बाहेर येऊन बघायचा.

कुरुंद्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी शिवकन्या जेवायला वाढत होती. तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली.

“अगं…”

आणि थांबली. वरणाची पळी हातात तशीच.

“अगं ए. जेवायला ये.”

हरीश हसला. “पोरीचं नाव इसरलीस काय?”

“हसून काय राहिले. ओठांवर आलंय अन् पडत न्हाई.” ती स्वतःही हसली. “या उन्हानं भेजा शिजला माझा. तुमीच मारा हाक.”

हरीशनं तोंड उघडलं.

एखादं माणूस समोर उभं असावं आणि त्याचं नाव सुचू नये, असं शूटिंगवाल्याला नेहमी होतं. हजार तोंडं बघायची म्हटल्यावर होणारच. पण ते असतं परक्या माणसाचं. त्यानं मनातल्या मनात सगळ्या वाटांनी जाऊन बघितलं. ही जन्मली तेव्हाची, हिला शाळेत घातलं तेव्हाची, तापात हिच्या उशाशी बसून रात्रभर हाक मारली तेव्हाची. सगळं होतं. हाक मारताना आपलं तोंड हललं तेही होतं. फक्त आवाज नव्हता.

पोरगी आत येऊन ताटावर बसली.

“कोण गं तू?” त्यानं थट्टा केल्यासारखं विचारलं. “नाव काय तुझं?”

“वळखा,” ती म्हणाली आणि वरणात बोट बुडवून चाटलं.

तिच्या पाण्याच्या बाटलीवर त्यानंच काळ्या पेननं मोठ्या अक्षरात नाव लिहून दिलं होतं, हे त्याला आठवलं. तिची पाठ वळल्यावर त्यानं बाटली उचलून फिरवली. कोरं प्लास्टिक. घासून गेलं असेल, तो मनाशी म्हणाला. घासून जातंच. मग नखानं त्या जागेवर खरवडून बघितलं. घासल्याचा ओरखडासुद्धा तिथं नव्हता.

४

बारशाला नाव ठेवते ती आत्या. हरीशची बहीण साधना हिंगोलीत दिली होती. त्यानं दुकानात जाऊन, शटर अर्धं ओढून तिला फोन लावला.

“साधना, एक सांग. पोरीचं नाव तूच ठेवलं होतंस ना?”

“कोणाच्या पोरीचं, दादा?”

“माझ्या.”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

“बारसं, साधना. कुरुंद्याला. तू पाळण्यावर वाकलीस, कानात कुर्र केलंस, नाव सांगितलंस.”

“थांब, थांब,” ती म्हणाली. “कुरुंद्याचं बारसं मला बराबर आठवतं. अंगणात पाळणा बांधला होता. घुगऱ्या वाटल्या. मी नाव सांगितलं अन् बायकांनी पाठीत धपाटे घातले. रीत हाय म्हणून घालायचे का इतके जोरात? तुझ्या सासूचा हात तर उखळासारखा. आठवडाभर पाठ शेकत होते मी.” ती हसत होती. बोलता बोलता हसणं बारीक झालं. “मी वाकले. पाळण्याची दोरी हातात होती. कानापाशी तोंड नेलं…”

“मग?”

“दादा,” साधना म्हणाली, “पाळण्यात काय होतं रे?”

हरीशनं फोन ठेवला. तो स्टुलावर बसला आणि निळ्या पडद्यापुढं बसलेल्या प्रत्येक माणसासारखा त्यानं श्वास धरला.

बाईचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. शिवकन्येचंही कुरुंद्यालाच झालं. पाचवी तिथं, बारसं तिथं, पोरगी मान धरायला शिकली तीही तिथंच. जावई काय, तो कॅमेरा घेऊन बारशाच्या दिवशी पाहुण्यासारखा गेला. सगळं शूटिंग त्यानं स्वतः केलं. आणि परत येऊन, रोजच्या सवयीनं, विचार न करता सर्व्हरवर ठेवून दिलं. कार्य कोणाच्या घरी झालं? कुरुंद्याच्या सोनाजीकडं. मग ते जाणार सोनाजीच्या फोल्डरात.

पूर्वीसारखं एकेक नाव सरकलं असतं, तर तिचं नाव डोळ्यापुढून गेलं असतं. त्यानं थांबवलं असतं.

काउंटरखाली डिस्क करकरत होती.

ती इतक्या दिवसांत थांबलीच नव्हती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

५

दुसऱ्या दिवशी कळमनुरीचा बाजार होता. भाजीवाल्यांच्या पालांतून गाडी ढकलत हरीश पुनमचंदच्या दुकानापर्यंत पोचला. पुनमचंद दुकानात इलेक्ट्रिकचा मालही ठेवायचा; तो गिऱ्हाइकाला पंखा दाखवत होता. हरीशचं तोंड बघून त्यानं पंखा तसाच फिरता सोडला.

“काय झालं रे? फाट्यावर पाणी न्हाई पाजलं काय कोणी?”

“शेठ, ते पुसणं थांबवा.”

मागच्या खोलीत एसी चालू होता. खिडकीला पुठ्ठा लावलेला. मधोमध सर्व्हर, गुडघाभर उंचीचा, एक हिरवा दिवा मिचकावणारा. आणि आवाज. खर्र… मग थांबणं… मग खर्र. लांब कुठंतरी मोठं अंगण कोणी एकट्यानं झाडत असावं तसा.

“आत काय ऱ्हायलं होतं तुझं?” पुनमचंदनं विचारलं.

“पोरीचं बारसं.”

“इतकंच ना. मला वाटलं कोणाचं लग्न गेलं.” पुनमचंद खुर्ची ओढून बसला. “हे बघ, वरचं नाव गेलंय. पण झाडून झालं नसंल तर माल असतो अजून आत. आतल्या फोल्डरला काय नाव दिलं होतंस?”

“पोरीचं.”

“मग सांग की. मी ओढून काढतो.”

हरीशनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पुनमचंदचे हात बटणांवर ठेवलेले होते. बाहेर कोणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं.

“अरे, नाव सांग.”

“नावाशिवाय निघत न्हाई का?”

“नावाशिवाय काय मागू मी त्याला? तूच सांग. या डिस्कांवर सगळे तुकडेच तुकडे. नाव असलं तर ते एका जागी येतात. नाव न्हाई तर कोण कोणाचं, त्यालाही ठाऊक नसतं. सर्व्हर त्या सगळ्याला फक्त रिकामी जागा म्हणतो.”

“किती ऱ्हायलं हे तरी दिसंल?”

“ज्याला नाव न्हाई त्याचा हिसाब लागत न्हाई.” पुनमचंदनं कान देऊन तो आवाज ऐकला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. “एक मात्र खरं. एक लग्न धरलं, त्यात बारसं धरलं, तरी फोटो किती असतील? हा केव्हाचा झाडून राहिला. तुझ्या फोल्डरात त्याहून मोठं काही होतं का रे?”

हरीश खाली बसला आणि भिंतीतली वायर चाचपू लागला. पुनमचंदनं त्याचं मनगट धरलं.

“इथलं बंद करून काय व्हणार? हुकूम कधीच पोचला. कुरुंद्याची डिस्क तिचं तिचं काम करून राहिली. तुझ्या काउंटरखालची तिचं. त्या आता कोणाला इचारत न्हाईत.”

हरीशनं घरी फोन लावला. वाजत राहिला, मग शिवकन्येनं उचलला.

“पोरगी कुठं हाय?”

“कोणाची पोरगी?”

“शिवकन्या, आपली.”

तिचा आवाज आला, तो त्यानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. “आपल्याला लेकरू न्हाई म्हणून मी काय कमी दवाखाने केले? नांदेड झालं, अकोला झालं, देवऋषी झाला. तुमची आई मला काय काय बोलून गेली ते मी गिळलं. तुमी कधी बोलले नव्हते. आज तुमीबी बोलले.”

त्यातलं काहीच घडलं नव्हतं. दवाखाना नाही, देवऋषी नाही, आईचे बोल नाहीत. पण ती रडत होती ते रडणं इतक्या वर्षांचं, झिजून गुळगुळीत झालेलं होतं.

आणि त्या रडण्याच्या मागं, तिच्यापासून हातभर अंतरावर, एक बारीक आवाज आला.

“आई, भूक लागली.”

शिवकन्या बोलत राहिली. तिचा आवाज हललासुद्धा नाही.

६

हरीश आधी दुकानात गेला. काउंटरखाली वाकून त्यानं डिस्क हिसडून काढली. वायर तुटली. डिस्क गरम होती, कोंबडीच्या पोटाखालून अंडं काढावं तशी. ती त्यानं शर्टाच्या आत घातली, पोटाशी धरली आणि घराकडं निघाला. आपण काय करतो आहोत हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. निदान तिसरा हिस्सा तरी, एवढंच डोक्यात होतं.

दिवेलागण झाली होती. पोरगी पायरीवर बसली होती, दप्तर अजून पाठीला. शिवकन्या पायऱ्या झाडत होती. झाडू पोरीपाशी आला, तिच्या पायांना वळसा घालून पुढं गेला, खांबाला घालतो तसा. शिवकन्येचे डोळे रडून सुजले होते. नवऱ्याकडं न बघता ती आत गेली.

हरीश पोरीशेजारी बसला.

“पप्पा, आई माझ्यासंगं बोलत न्हाई. मी काय केलं?”

“तू काही न्हाई केलं, बाळा.”

“गाडीवाल्या काकानं मला बसवलंच न्हाई. सगळे बसले अन् दार लावून घेतलं. मग मी चालत आले.”

“हायवेनं?”

“व्हय. ट्रकवाले हॉर्नच देत नव्हते.”

तिच्या पायांवर पांढरी धूळ होती. त्यानं ती तळव्यानं पुसली. पाय होते, गार होते, अंगठ्याचं नख वाढलं होतं. डोळ्यांना दिसतंय, हाताला लागतंय, मग नाही कसं म्हणायचं, असं त्याची अक्कल अजून त्याला सांगत होती.

“एक सांग मला. तुझं नाव सांग बरं.”

तिनं थट्टा केली नाही. ओठ एकत्र आले, उघडले. पुन्हा एकत्र आले.

“सकाळी होतं, पप्पा.”

आता हरीशला एकच सुचलं. नाव गेलं तर नाव ठेवता येतं. त्यासाठीच तर बारसं असतं. आत्या नसली तर बाप आहे. पाळणा नसला तर पायरी आहे. त्यानं हायवेकडं बघितलं. एक ट्रक वळत होता, आणि त्याच्या मागं लाल रंगात ट्रकमालकाच्या लेकीचं नाव रंगवलं होतं. हरीशनं दुसरं शोधलं नाही. तो वाकला, पोरीचे केस बाजूला केले, कानापाशी तोंड नेलं.

“कुर्र,” तो म्हणाला. “ईश्वरी.”

ती हळू म्हणाली, “हे माझं न्हाई.”

“असू दे. आता हेच तुझं. म्हण.”

“पप्पा, हे कोणाचं तरी हाय.”

“म्हण ना, बाळा.”

ती म्हणाली नाही. मग हरीशनंच घराकडं तोंड करून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “शिवकन्या, ईश्वरीला जेवायला वाढ.”

आत नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. हरीशच्या पोटाशी ती डिस्क होती, तिच्यात आता वायर नव्हती, लाइट नव्हती. तरी ती एकदा, आतल्या आत, करकरली.

मग शिवकन्येचा आवाज आला. रोजचा, नाक ओढणारा, जरा चिडका, संध्याकाळचा आवाज.

“केव्हाचं वाढलंय की. तुमीच बसले बाहेर पाय पसरून.” ताट ठेवल्याचा खणखणाट झाला. “ईश्वरी, पप्पाला पाणी नेऊन दे गं आधी.”

हरीशचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं तर. त्यानं पोरीचा हात हातात घेतला, तिला उठवायला म्हणून.

घरात छमछम झाली.

त्याच्या पोरीला पैंजण नव्हते. तिला टोचायचे, म्हणून कधी घातलेच नव्हते. छमछम आतल्या खोलीतून निघाली, स्वयंपाकाच्या दारातून पुढं आली, उंबऱ्याशी थांबली. पहिलीतल्या पोरीची पावलं वाजतात तशीच वाजली. हरीशनं मान फिरवली नाही. त्याला फक्त त्याच्या खांद्यापाशी पुढं आलेला एक पेला दिसला, आणि पेल्याभोवती दोन लहान हात. गोरे, धुतलेले. बोटांवर कुठं शाई नाही, ओरखडा नाही, रेघही नाही. पाणी पेल्यात काठोकाठ होतं आणि जराही हलत नव्हतं.

“पप्पा, पाणी.”

त्याच्या हातानं पेला घेतला. हात आपणहून पुढं गेला, बापाचा जातो तसा. मागं शिवकन्या म्हणत होती, “शहाणी गं माझी बाय. ये, जेव.” आणि छमछम आत गेली.

दुसऱ्या हातात हरीशनं आपल्या पोरीचा हात धरलेला होता. तो अजून होता. पण आता तो धरून ठेवायला त्याला मूठ घट्ट आवळावी लागत होती, ओल्या साबणासारखा.

पोरगी उघड्या दाराकडं बघत होती. आत ताटावर बसलेलं तिला जे दिसत होतं, ते तिनं खूप वेळ बघितलं. मग तिनं बापाकडं तोंड केलं आणि, आतल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, विचारलं,

“मग मी?”